खांदा, बाही, गळा, छाती

शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, पण या मास्तरने शाळेला सातवीतच रामराम ठोकला होता आणि तोही गणितापायी. पुढे चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरला, तरी कुणी 'बीजगणित' म्हटलं की विषय बदलायचा. आणि आता पन्नाशी उलटल्यावर त्याला गणिताच्या कोड्यांचं वेड लागलं होतं. उशिरा लागलेलं वेड लवकर सुटत नाही.

वेड लावणारी बाई रस्त्याच्या पलीकडेच होती. तिचं औषधांचं दुकान. रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे ती फेकून द्यायची नाही; चौकोनी तुकडे कापून मास्तरला द्यायची आणि मास्तर त्यांच्यावर गिऱ्हाइकांची मापं लिहायचा. एके दिवशी तिने गंमत म्हणून एका पुठ्ठ्यावर कोडं लिहून पाठवलं. मास्तरने ते तीन दिवसांनी सोडवलं आणि उत्तराखाली आपलं एक खरडलं: 'सहा बटणं, एक हलकं. तराजू दोनदाच वापरायचा. हलकं कोणतं?' झालं! तेव्हापासून रोज सकाळी शटर वर गेलं की रस्ता ओलांडून पुठ्ठ्यांची ये-जा सुरू. ही औषधवाली ताई कॉलेज शिकलेली. तिने "वा मास्तर!" म्हटलं की मास्तरची छाती इंचभर फुगायची. हे त्याने एकदा टेप लावून बघितलंही होतं.

मास्तरीणबाईंना, म्हणजे त्याच्या बायकोला, या खेळाचा वैताग होता. दुकानात कामं वाटलेली होती: तो माप घेणार, ती कापणार. पुठ्ठ्यावर फक्त चार आकडे, नेहमी त्याच क्रमाने: खांदा, बाही, गळा, छाती. बाकीचं ती नजरेने काढायची. पुठ्ठा कापडाला टाचला की तिचं काम सुरू. मागे एकदा गिऱ्हाइकादेखत तिने "अहो, हे माप बरोबर आहे ना?" असं विचारलं, तर मास्तर खेकसला होता, "मापाला प्रश्न विचारायचा नाही. माझी टेप, तुझी कात्री!" ती कापायला लागली. पण विसरली नाही.

"तुमच्या कोड्यांपायी वीतभर कापड जरी वाया गेलं ना," ती एवढंच म्हणाली होती, "तर समोरून आलेला पुठ्ठा सरळ केराच्या डब्यात."

मास्तरने मान डोलावली होती. पण दिवसभरात तेवढ्या एका पुठ्ठ्यापुरता तो नापास मुलगा नसायचा, हे तिला कसं सांगणार?

बुधवारी होणारा जावई लग्नाच्या कोटाचं माप द्यायला आला. कापड त्याने परगावाहून आणलेलं, अगदी मोजून. लग्न रविवारी. मास्तरने माप घेतलं, पुठ्ठ्यावर लिहिलं, जावयाला दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन ताईचं सकाळचं कोडं काढलं: 'चार संख्या, बेरीज नव्वद. पहिलीत दोन मिळवा, दुसरीतून दोन वजा करा, तिसरीची दुप्पट करा, चौथी निम्मी करा. चारही वेळा उत्तर एकच.' मास्तरने तासभर डोकं खाजवलं आणि अचानक त्याला उजेड पडला. अठरा, बावीस, दहा, चाळीस! आनंदाच्या भरात त्याने एक पुठ्ठा कापडाला टाचला आणि दुसरा घेऊन रस्ता ओलांडला.

गुरुवारी दुपारी मास्तरीणबाईंनी कापलेला कोट त्याच्यापुढे ठेवला. मास्तरने कॉलर उचलली. ती औषधाच्या बाटलीला नीट बसली असती.

"अगं, हे काय? जावयाचा गळा दहा इंच?"

"मला वाटलं, मुलगा नाजूक असेल."

"मग विचारायचं नाही का?"

"मापाला प्रश्न विचारायचा नसतो."

मास्तरने टाचलेला पुठ्ठा काढून पाहिला. अठरा, बावीस, दहा, चाळीस.  खांदा आणि छाती नशिबाने जुळली होती, पण बाह्या दोन इंच आखूड. आणि असं कापड आता गावभर शोधून मिळणार नव्हतं.

तेवढ्यात ताई स्वतःच दारात. हातात दुसरा पुठ्ठा, केस विस्कटलेले.

"मास्तर, हरले मी! अठरा, चोवीस, सोळा, चाळीस. बेरीज अठ्ठ्याण्णव येते, दोन ठिकाणी वीस जुळतात, दोन ठिकाणी नाही. काल दुपारपासून शोधतेय यातलं गुपित. एका गिऱ्हाइकाला तर खोकल्याऐवजी सांधेदुखीचं औषध देणार होते. सांगा, काय युक्ती आहे?"

"जावयाचा गळा आहे तो, ताई," मास्तर मेल्या आवाजात म्हणाला.

सगळा उलगडा झाल्यावर ताईच्या तोंडचं पाणी पळालं.  मास्तरीणबाईंनी केराचा डबा पायाने पुढे सरकवला, इतकंच.

उरलेल्या कापडातून नवी कॉलर निघाली. मग फक्त एक पट्टा राहिला, सोळा इंच लांब, नऊ इंच रुंद. बाह्यांना दुहेरी कफ जोडायचे तर बारा बाय बाराचा चौकोन हवा होता.

"क्षेत्रफळ सारखंच आहे!" ताई ओरडली. "एकशे चव्वेचाळीस!"

"म्हणजे जमणारच!" मास्तर म्हणाला.

दोघांनी कागद कापले. उभे कापले, आडवे कापले, तिरके कापले. सात तुकडे झाले, मग अकरा. शेवटी मास्तर टेबलावर डोकं ठेवून बसला. गणिताने त्याला पुन्हा नापास केलं होतं, आणि या वेळी मुलीच्या लग्नात.

"सरका," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी कागदाला हातही लावला नाही. कात्री थेट कापडावर चालवली: तीन इंच उभी, चार इंच आडवी, पुन्हा तीन उभी, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. एवढ्याशा पट्ट्याचे फक्त दोन तुकडे झाले. वरचा तुकडा त्यांनी एक पायरी वर सरकवला. टेबलावर चौकोन होता. ताईने टेप लावली. बारा बाय बारा.

"वहिनी, हे कुठे शिकलात?"

"तीस वर्षं यांनी घेतलेल्या मापाचं कापड पुरवतेय," त्या म्हणाल्या.

रविवारी जावयाच्या कफांवर पायऱ्यांची शिवण दिसत होती. वरातीतले दोघे जण ती फॅशन समजून चौकशी करून गेले. मास्तरने छाती फुगवून सांगितलं, "आमच्याकडचं खास काम आहे." बायकोकडे बघायचं त्याने टाळलं.

सोमवारी शटर वर गेलं. मास्तर दारातच उभा. पुठ्ठा येईल की नाही, आणि आलाच तर डब्यात जाईल की काय, या धास्तीने त्याने चहाही घेतला नव्हता. ताई रस्ता ओलांडून आली. हातात पुठ्ठा. मास्तरचा जीव भांड्यात पडला. त्याने हात पुढे केला.

"तुमचं नाही," ताई म्हणाली, आणि त्याला वळसा घालून आत गेली. "वहिनी, बघा हे. मला जमत नाहीये."

मास्तरीणबाईंनी पुठ्ठा वाचला, भुवया उंचावल्या आणि कात्री बाजूला ठेवली. मास्तरला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण केराचा डबा कोपऱ्यात परत गेलेला त्याने पाहिला होता. त्याने टेप गळ्यात टाकली आणि एक स्टूल ओढून तो दोघींच्या मागे बसला.

"अगं, वाच ना मोठ्याने."

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आधी मी."