सात चॉकलेटी गोळ्या

झुंबरताईंनी गर्भनिरोधक गोळ्यांचं सरकारी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. तारीख होती ११ मार्च १९९९. सातपूरच्या त्या छोट्या कारखान्यात मी बी.एस्सी. होऊन तपासणी विभागात लागले होते. त्या पॅकिंगला, कळवणकडच्या, दोन मुलांची आई; नवरा जयराम ट्रकवर.

“आज चौथी पांढरी. बरोबर चाललंय ना, शास्त्रज्ञबाई?”

“जुन्या पाकिटातली शेवटची पांढरी कधी घेतलीत?”

“चोवीस फेब्रुवारीला.”

मी कॅलेंडरवर मोजलं. पुन्हा मोजलं. मधले अकरा दिवस रिकामे होते.

“ताई, सात दिवसांनी सुरू करायचं होतं!”

“तूच म्हणालीस, चॉकलेटी नाय घेतल्या तरी चालतंय. लय मळमळायचं त्यांनी.”

म्हणाले होते. एकवीस पांढऱ्या गोळ्यांत दोन संप्रेरकं असतात. रक्तात ती रोज येत राहिली की मेंदूतली पियूषिका ग्रंथी अंडाशयाला आदेश देत नाही, म्हणून बीज पिकत नाही. चॉकलेटी सात गोळ्यांत फक्त लोह. माझं रसायनशास्त्र अचूक होतं. पण त्या गोळ्या दिवस मोजायलाही असतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सात दिवसांत ग्रंथी नुसती जागी होते. अकरा दिवसांत बीज बाहेर पडू शकतं.

“जयरामभाऊ घरी होते?”

“ट्रक घेऊन कालच इंदूरला गेले,” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मे महिन्यात तिघींना पर्मनंट करणार होते, त्यात ताईंचं नाव होतं. पोटुशी बाई त्या यादीत राहत नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

“आता पांढरी एकही चुकवायची नाही. आणि आठवडाभर भाऊंना लांब ठेवा.”

“आता ट्रक इंदूरला गेल्यावर सांगतेस व्हय!”

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर गोळी घेऊ लागल्या. त्यांनी डबा अर्धा ठेवला की मी पुन्हा तारखा मोजायचे. एकदा मी विचारलंच, “मळमळतंय का?”

“वांग्याची भाजी खारट झालीय. खाऊन बघ.”

अठ्ठावीस मार्चला पांढऱ्या संपल्या. संप्रेरकं थांबली की दोन-चार दिवसांत पाळी यायला हवी. पहिली चॉकलेटी झाली, दुसरी झाली. तिसरीही झाली, पाळी नव्हती.

चौथ्या दिवशी त्या कामाच्या वेळातच दारात आल्या.

“तुझ्याकडं पॅड हाय का गं?”

“आज एक एप्रिल आहे, ताई. चेष्टा करू नका.”

“असली चेष्टा करीन का मी?”

मी पर्समधून पॅड काढून दिलं. “तरी सोमवारी लघवीची तपासणी करायचीच,” मी म्हणाले. “आलेली पाळी म्हणजे पुरती खात्री नाही.”

“करू की.” त्यांनी पाकीट काढलं. “आता ही नाय घेतली तर चालतंय?”

“नाही,” मी म्हणाले आणि पाण्याची बाटली पुढे केली.