घरात कोणी नाही

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीत दिवेलागणीला तिसऱ्या मजल्यावर चपलांचा असा ढीग लागायचा, की लिफ्टचं दार उघडायला जागा नाही! आत चंपाताईंच्या हॉलमध्ये बायका, रिटायर्ड काका, क्लास बुडवून आलेली पोरं, सगळे चिडीचूप. सगळ्यांचे डोळे एका रिकाम्या खुर्चीवर. आणि मग, कोणी बोटसुद्धा न लावता, खुर्चीशेजारचा दिवा लागायचा. थोड्या वेळानं पंखा. आणि मग कोपऱ्यातला जुना रेडिओ खरखरत गायला लागायचा.

"आले!" कोणीतरी कुजबुजायचं, आणि अंगावर असा काटा यायचा म्हणून सांगू!

आले म्हणजे सुखदेवराव. चंपाताईंचे यजमान. वीजखात्यातून रिटायर झालेले, गणपतीच्या थोडं आधी वारले. खुर्ची त्यांची, क्रमही त्यांचाच: दिवा, पंखा, रेडिओ. जिवंतपणी रोज संध्याकाळी हेच.

खुर्चीसमोर बसायचे दत्तप्रसादजी. महाराज म्हणायचं नाही हं, 'ऊर्जा-संवादक' म्हणायचं! कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, कॉलरला माइक, दहा बाय बाराच्या हॉलमध्ये.

"आत्मा म्हणजे काय? फ्रिक्वेन्सी! मोबाईल जसा टॉवर पकडतो, तसा सूक्ष्म देह आपली वास्तू पकडतो. रेंज येते, रेंज जाते."

"मग एखादा मिस्ड कॉल द्यायला सांगा त्यांना," मागून वरच्या मजल्यावरचा सौरभ पुटपुटला. शेजारच्या काकूंनी त्याला असा चिमटा काढला, की गप्पच.

हे सगळं ज्या एका माणसाला कधीच दिसलं नाही, ती दीक्षा. सुखदेवरावांची एकुलती एक मुलगी. हिंजवडीहून ती घरी पोचायची, कुलपात किल्ली फिरवायची, आणि आत पाऊल टाकायच्या आतच दिवा विझलेला, रेडिओ बंद. रोज!

"तू आली का ते चालले जातात, पोरी," चंपाताई म्हणायच्या. बाई मूळच्या नागपूरकडच्या, बोलणं तिकडचं. "काहून असं? इतक्या लोकांसमोर येऊन राहिले, अन् तुझ्यासमोर नाही?"

भूतबीत काही नसतं, हे तिला शिकवलं कोणी? पप्पांनीच. बुद्धविहारात अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देणारा माणूस तो! पण रात्री अंथरुणात एकच विचार. पप्पा म्हणत होते मला घरीच राहू दे, आणि आपण ॲम्ब्युलन्स बोलावली. ते दवाखान्यात गेले, या खुर्चीत नाही.

दत्तप्रसादजींनी नेमकं तेच हेरलं. चंपाताईंनी रडत रडत सांगितलेलं सगळं जमवून त्यांनी निकाल दिला. "मुलीनं त्यांना घरातून नेलं. ती या वास्तूत आहे तोवर ते स्थिरावणार नाहीत. तिला वेगळं राहू दे."

आणि आईनं, तिच्या सख्ख्या आईनं, मान खाली घालून सांगितलं, "सदाशिव पेठेत मुलींच्या खोल्या असतात म्हणे. रविवारी बघून घे."

दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये दीक्षाच्या फोनची बॅटरी संपली. आई भाजीला गेलेली, दत्तप्रसादजींना सुट्टी. दीक्षानं दार उघडलं आणि जागच्या जागी थिजली.

दिवा लागलेला. पंखा फिरतोय. रेडिओ गातोय.

"पप्पा?"

काही विझलं नाही! ती खुर्चीपाशी खाली बसली, हातावर हात ठेवतात तसा खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला. "रागावला नाहीत ना? मला वाटलं, तिथं वाचाल." पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलत होता. ती कितीतरी वेळ रडली, आणि खरं सांगू, कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

मग नाक पुसत, सवयीनं, तिनं फोन चार्जिंगला लावला. स्क्रीन उजळला, आणि खोलीत अंधार. रेडिओ गाण्याच्या मधेच तुटला.

आधी वाटलं, गेले. परत रुसले. पण त्या अंधारातच तिला पप्पांची सवय आठवली. फ्यूज उडाला की ते आधी विचारायचे, "आत्ता काय बदललं?"

काय बदललं? फोन चालू झाला.

तिनं फोन बंद केला. भिंतीला पाठ टेकून थांबली. बराच वेळ काही नाही, आणि मग दिवा! फोन चालू. अंधार. आता तिच्या अंगावर काटा आला तो वेगळाच.

वायफायशेजारी पप्पांची लाडकी डबी होती. घरातले दिवे-पंखे, अगदी तो जुना रेडिओसुद्धा, फोनवरून चालवणारी. जगभरातले हौशी लोक अशा डबीसाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून फुकट देतात, त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात. पप्पांना तोच नाद! दिसलं की टाक, दिसलं की टाक. ते गेल्यावर कोणी हातही लावला नव्हता. दीक्षा एकेक अ‍ॅड-ऑन बंद करत गेली, फोन बंद करून वाट बघत गेली. एक बंद केल्यावर दिवा लागलाच नाही. परत चालू केल्यावर लागला. सापडलं भूत.

शनिवारी हॉल गच्च. दीक्षाला बघून दत्तप्रसादजी म्हणाले, "आज अपेक्षा नको. मुलगी इथे आहे."

"येतील की," दीक्षा म्हणाली. "आई, हा माझा फोन. तुझ्या हातानं बंद कर."

सगळे वाट बघत बसले. दत्तप्रसादजी गालात हसत होते. आणि दिवा लागला!

"पाहिलंत?" ते ताडकन उठलेच. "बापानं क्षमा केली!"

"आई, आता चालू कर."

अंधार.

"अरेरे, क्षमा परत घेतली," सौरभ म्हणाला. या वेळी काकूंनी चिमटा काढला नाही.

"विज्ञान जिथं संपतं ना ताई, तिथं..." दत्तप्रसादजींनी माइक सावरला.

"सुरू तर होऊ द्या, अहो!" दीक्षा म्हणाली. "मागच्या वर्षी आम्ही नागपूरला गेलो तेव्हा चोरांना फसवायला पप्पांनी हे अ‍ॅड-ऑन टाकलं. घर रिकामं दिसलं की आठवड्यापूर्वी जे जे लागलं होतं, दिवा, पंखा, रेडिओ, ते पुन्हा लावतं, म्हणजे बाहेरच्याला वाटावं आत माणसं आहेत. पप्पा गेले त्या आठवड्यात त्यानं आधीच्या आठवड्यात पप्पांनी स्वतः लावलेलं पुन्हा लावलं. पुढच्या आठवड्यात त्या नकलेची नक्कल. तीच आजपर्यंत चाललीये."

"पण घर रिकामं कुठंय?" काकूंनी विचारलं. "आम्ही एवढे बसतो इथं!"

"त्याला माणसं दिसत नाहीत, काकू. घरच्या वायफायवर आलेले फोन दिसतात. पप्पांनी त्यात दोनच फोन घातलेत, त्यांचा आणि माझा. त्यांचा आम्ही बंद करून कपाटात ठेवला. माझा घरात आला की त्याला वाटतं, कोणीतरी आलं, आता नाटक पुरे."

दत्तप्रसादजी कॉलरचा माइक काढत होते. चपलांच्या ढिगात त्यांना आपली चप्पल काही लवकर सापडेना.

सगळे गेल्यावर चंपाताई खुर्चीसमोर तशाच बसून राहिल्या.

"म्हणजे ते नव्हतेच?"

"नव्हते, आई."

"एकदाही नाही?"

दीक्षाला खोटं बोलावंसं वाटलं. खूप वाटलं. "एकदाही नाही."

"मी रोज साडी बदलून बसत होते गं," चंपाताई म्हणाल्या. मग डबीकडे बघत, "अन् मी इथंच बसलेली असून त्याला घर रिकामं वाटे?"

"तुझा साधा फोन ना. त्याला दिसत नाही."

"डबीला मी दिसत नव्हते, ते ठीक. पण मला तू दिसत नव्हती, पोरी." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "उद्या कुठं जायचं नाही. सांगून ठेवते."

तर मंडळी, दिवा आपोआप लागू शकतो, रेडिओ आपोआप गाऊ शकतो. हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, कोण नसताना होतं आणि कोण असताना होत नाही? आणि उत्तर मिळेपर्यंत, कोणाच्याही सांगण्यावरून, आपल्या पोरीला घराबाहेर काढू नका.