फुलीचं कारण

घर बदलायचं ठरलं तेव्हा ट्रक, हमाल, दोऱ्या, खोकी, सगळ्याची व्यवस्था झाली होती. बाबा नाहीत, एवढं एकच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे ते दोन महिन्यांपूर्वी गेले, त्र्याण्णवाव्या वर्षी, झोपेत, हे सगळ्यांना माहीत होतंच. पण मग नव्या घरात आधी पाऊल कोण टाकणार, हा प्रश्न आई पहिल्या मजल्यावर उंबऱ्यापाशी येऊन थबकली तेव्हाच उभा राहिला.

"आत कोण जाऊन आलंय?" आईनं विचारलं.

"हमाल आलेत की. निम्मं सामान लागलंसुद्धा," शेपूट म्हणाला.

"हमाल घरचे नाहीत. खूण कुठंय?"

शेपूट म्हणजे धाकटा मुलगा. वय बावन्न, धंद्यानं शिंपी. दुकानात कारागीर त्याला अदबीनं मास्तर म्हणत. घरी मात्र शेपूट, कारण हे कुटुंब कुठंही निघालं तरी एका रांगेत निघे. पुढे बाबा, मग आई, मग ताई आणि सगळ्यांच्या शेवटी हा.

रांगेचं मूळ लढाईत होतं. तरुणपणी बाबा सुरुंग शोधणाऱ्या तुकडीत होते. हातात सळई, खिशात खडू, पुढे ते आणि मागून त्यांच्या पावलावर पाऊल टाकत बाकीचे. त्यांच्या मागून चाललेली सगळी माणसं घरी परतली. एक परतला नाही; तो बाजूनं चालला होता. बाबांनी आयुष्यात लढाई सांगितली ती एवढीच, आणि तीही मुलं रांग मोडून आइस्क्रीमच्या गाडीकडे पळाली तेव्हा.

पुढे बाबा पाणीखात्यात चिकटले, यथावकाश निवृत्त झाले. खडू काही निवृत्त झाला नाही. ताईच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्या बाकावर आधी ते बसले. बाक कुरकुरला, बाईही कुरकुरल्या. दातांच्या डॉक्टरकडे शेपटाच्या आधी तेच खुर्चीत चढले, आणि आता तोंड उघडलंच आहे म्हणून डॉक्टरनं त्यांची एक दाढ काढून टाकली. ताईचं लग्न ठरायच्या आधी ते मुलाच्या घरी एकटे जाऊन आले. सोफ्यावर दोनदा आदळून पाहिलं, नळ सोडले, खिडक्या हलवल्या आणि निघताना उंबऱ्यावर खडूनं खूण केली. होणाऱ्या सासूबाईंनी ती लगेच ओल्या फडक्यानं पुसली. तेव्हा ताईला जी शंका आली, ती अजून फिटलेली नाही.

एवढ्या शोधमोहिमेत बाबांच्या हाती काय लागलं? एक डुगडुगतं स्टूल, एक व्यायलेली मांजर आणि एकदा बाथरूममध्ये लपलेला चोर. त्यालाही त्यांनी आपल्या पावलावर पाऊल ठेवायला लावूनच बाहेर काढलं.

"अगं आई, नवीकोरी इमारत आहे," ताई मागून म्हणाली. काचेच्या भांड्यांचं खोकं तिच्या पोटाशी होतं. "इथं काय असणार?"

"ते बघायलाच माणूस पुढे जातो ना?"

हमालांचा मुकादम जिन्यात कपाटाखाली वाकला होता. "आजी, काय ते लवकर ठरवा हो. कपाट हातात आहे."

"ठेव खाली. आमच्यात वेळ लागतो."

शेपटानं खिशातून कापड आखायचा खडू काढला. चपटा, निळा. दारातूनच आत डोकं घातलं, गिऱ्हाइकं पैसे देताना बघतात तसं इकडेतिकडे बघितलं आणि उंबऱ्यावर दोन रेघा ओढल्या. "झालं. या आता."

कुणीच आलं नाही. उलट ताई एक पायरी खाली उतरली. भांडी किणकिणली.

"ही फुली आहे," आई म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? गोल म्हणजे या. फुली म्हणजे जिवावर उदार असाल तरच या. एवढा घोडा झालास, तुला ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. त्याचं पाऊल पडेपर्यंत आई आणि ताई खुणेवरून चालून गेलेल्या असत. त्याला जन्मभर दिसला तो नुसता पांढरा फराटा, आणि फराटा म्हणजेच बाबांची खूण, असा त्याचा समज होता.

तो वाकून अंगठ्यानं फुली पुसायला गेला.

"हात लावू नकोस!" आई आणि ताई एकदम ओरडल्या. मुकादमानंही उगाच हात मागे घेतला.

"कारण सापडल्याशिवाय फुली पुसायची नसते," ताई म्हणाली. तिच्यातला नवी इमारतवाला आवाज गेला होता.

"अगं कारण नाहीच आहे! चुकून काढली मी!"

"बाबांनी कधी चुकून काढली होती?"

आई जिन्यातल्या गादीच्या वळकटीवर बसली. "मी इथं बरी आहे. इथंच झोपेन." आणि आई असं म्हणाली की तसंच करते, हा घरातल्या सगळ्यांचा अनुभव होता.

शेपूट आत गेला. या खेपेला खरा गेला. टाचेनं फरशी ठोकली. नळ सोडले, बटणं दाबली, कड्या ओढल्या. काही नाही. चालताना मात्र तो सारखा अडखळत होता. पुढे कुणाची पाठ नाही, असं चालायची त्याला सवयच नव्हती. बाबांचा तपकिरी कोट त्यानंच शिवलेला. मागून तो असा बेतशीर बसे की बघत राहावं. पुढून जरा ओढायचा. पण पुढची बाजू त्याच्या तितकी माहितीची नव्हती.

बाहेरच्या खोलीत तो थांबला. हमालांनी बाबांची आरामखुर्ची खिडकीशी मांडली होती. उजेड छान, खाली झाड छान. खुर्चीची पाठ दाराकडे.

बाबा दाराकडे पाठ करून कधीच बसले नाहीत. न्हाव्याला खुर्ची फिरवायला लावत आणि आरसा पाठीमागे ठेवून दाढी करून घेत. शेवटी दवाखान्यातल्या नर्सनंही भांडायचं सोडून खाट फिरवून दिली होती.

शेपूट खुर्चीत बसला. मानेवरून काहीतरी सरसरत गेलं. तो उठला, खुर्ची दाराकडे वळवली आणि पुन्हा बसला. खुर्ची तपासायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ बसला. मग डोळे बाहीला पुसले. सुती कापड, चांगलं शोषतं.

"सापडलं?" आईनं विचारलं.

"बाबांची खुर्ची. दाराकडे पाठ करून ठेवली होती."

आईनं मुकादमाकडे असं पाहिलं की त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"तरीच," ती म्हणाली. "बरोबर होती फुली. फिरवलीस?"

"फिरवली. बसूनही पाहिलं."

त्यानं फुली पुसली आणि नीट, सावकाश गोल काढला. शिंप्याचा हात, बाहीचा घेर आखावा तसा आला.

"निळा?" आईनं वाकून पाहिलं.

"पांढरा दुकानात राहिला."

"असू दे. दिसतोय ना." तिनं उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. हो पुढे."

शेपूट पुढे झाला. मागे आई, त्याच्या पावलावर पाऊल टाकत. तिच्या मागे मुकादम आणि दोघे हमाल, कपाटासकट, तसेच. काच सांभाळणारी ताई आपसूक शेवटी राहिली. ती उंबऱ्याशी पोचली तेव्हा तिथं नुसता निळा फराटा होता.

"अरे ए," ती बाहेरूनच ओरडली, "गोलच काढला होतास ना नक्की?"

"गोलच होता," आतून आवाज आला. "ये तू, शेपटे."