घरातून आलेली हाक

हळदीचा हंगाम होता. कुरुंद्यात दुपारी माणूस दिसत नव्हतं, जो तो शेतात. वैजनाथ सकाळीच हळदीची पोती ट्रॅक्टरवर लादून वसमतच्या बाजाराला गेला होता. त्याची बायको चतुराबाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. लेक कोमल सेनगावला दिलेली, त्यामुळं घरात दुसरं कोणी नव्हतं.

मोटारसायकल थांबली. पांढऱ्या शर्टातला एक माणूस थेट पायरीपर्यंत आला.

"मावशी, पाणी मिळंल का?"

तो ओळखीचा नव्हता. चतुराबाईनं जवळचा तांब्या पुढं केला. पाणी पिता पिता तो दारातून आत बघत होता.

"मालक न्हाईत घरी?"

"हायेत की. जेवून पडलेत जरा."

एकट्या बाईनं असंच सांगायचं, हे ती लेकीलाही शिकवत आली होती. तरी तो हलेना, तेव्हा तिनं आत तोंड करून हाक मारली, "अहो, उठता का? कोणी आलंय."

"कोमलची माय, कोण हाय गं?" आतून आवाज आला.

वैजनाथ तिला अशीच हाक मारायचा. आवाजही त्याचाच, जरा बसका. क्षणभर तिला बरंच वाटलं, आले वाटतं माघारी. मग ध्यानात आलं, अंगणात ट्रॅक्टर नव्हता. दारात चप्पल नव्हती. सकाळपासून ती ओसरीवरच होती, मध्ये गोठ्यात जाऊन आली तेवढीच.

तिनं पायरीवरच्या माणसाकडं पाहिलं. तो दचकला नव्हता.

"बोलवून राहिले ना, मावशी," तो हळूच हसला. "जा की आत."

ओरडलं तर दोघं मिळून आत ओढतील, एवढं तिला कळत होतं. पदर सावरून ती उठली.

"त्यांना उठल्या उठल्या तंबाखू लागती. चुना संपलाय, शेजारून आणते. दार लोटते, कोंबड्या शिरतात आत."

बोलता बोलताच तिनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. आतली पावलं दारापाशी येऊन थांबली.

"कोमलची माय," फटीतून आवाज आला, अगदी कानाशी. "दार काहून लावलं?"

तेव्हा ती किंचाळली. ओसरीवरून उडी मारून ती शेजारच्या खुर्शीदबीच्या अंगणात पळाली. पांढऱ्या शर्टवाल्यानं मोटारसायकलला किक मारली आणि धुरळा उडवत निघून गेला.

खुर्शीदबीचा पोरगा अफरोज आणि शेतातली माणसं काठ्या घेऊन धावत आली. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आतून हाका चालूच होत्या, न चिडता, समजावणीच्या सुरात.

"अगो माय, ये तो वैजनाथभाऊच हैं!" खुर्शीदबी म्हणाली. माणसंही घुटमळली.

"न्हाई," चतुराबाई म्हणाली. "ते न्हाईत."

अफरोजनं कडी काढली. बाजेवर एक किडकिडीत पोरगा बसला होता, अंगात वैजनाथचा सदरा. कपाट उघडं होतं, दागिन्यांची पिशवी त्याच्या मांडीवर. पळायचं सोडून तो चतुराबाईकडंच बघत राहिला.

पोलिसांनी त्याला नेलं. वैजनाथ निघताना नवराबायकोचं बोलणं त्यानं गोठ्यामागून ऐकलं होतं, आणि ती वैरण टाकायला गेली तेव्हा आत शिरून माळ्यावर बसला होता. नकला करायची त्याला लहानपणापासून सवय, असं जमादार सांगत होते. दुसरा सापडला नाही.

दिवस मावळताना ट्रॅक्टरचा आवाज आला.

"अगं, दार उघड. मी हाय."

चतुराबाई कडीला हात लावून आत उभी होती. कडी काही निघेना.

"कळलं मला समदं वाटेत. उघड गं."

शेवटी खुर्शीदबीनं आपल्या अंगणातून बॅटरीचा झोत त्याच्या तोंडावर मारला. "चतुरा, खोल. वैजनाथभाऊच हैं, मैं देख रही हूँ."

दार उघडलं. वैजनाथ काही बोलणार, तोच तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "थोडा वेळ बोलू नका," ती म्हणाली.

दोघं ओसरीवर बसून राहिले. झोपायला मात्र ती खुर्शीदबीकडंच गेली.