वळणावरचा पिवळा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे, पण कुठल्या देशाचा नाही की कुठल्या देवळाचा नाही. मी मोटारींच्या शर्यतीतला पिवळा झेंडा आहे. मला पाहून कुणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या झेंड्याला. तो शर्यतीच्या शेवटी एकदा हलतो आणि जन्मभर फोटोत मिरवतो. मी मात्र ‘पुढे धोका आहे, हळू या’ एवढंच सांगतो. हे कुणाला आवडतं?

माझा जन्म बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरात, ओदिल नावाच्या बाईच्या स्वयंपाकघरात झाला. आमच्या गावच्या रस्त्यांवर एरवी गाई चालायच्या. वर्षातून एकदा ते रस्ते बंद करून त्यांवर ग्रां प्री, म्हणजे मोटारींची मोठी शर्यत, भरायची. ओदिलचा धाकटा भाऊ फिर्मां गावचा पोस्टमन होता, आणि शर्यतीच्या दिवशी ओढ्याजवळच्या वळणावर झेंडा धरायचा मान त्याचा असे. एके वर्षी त्याचा झेंडा उंदरांनी कुरतडला. शर्यत दोन दिवसांवर आलेली. ओदिल बाजारात गेली आहे असं पाहून त्याने तिच्या जेवणघराचा पिवळा पडदा काढला आणि कात्री चालवली.

ती परतली तेव्हा खिडकी उघडी पडली होती.

“फिर्मां! माझा पडदा कुठाय?”

“अगं, त्याला नोकरी लागली.”

ती तासभर त्याला बोलत राहिली. पण त्याने घातलेले वेडेवाकडे टाके तिला बघवेनात. “असला झेंडा घेऊन उभा राहिलास तर गाव मला हसेल,” असं म्हणून तिने सगळे टाके उसवले आणि दुहेरी शिवण घातली. मग दाताळ्याच्या जुन्या दांड्यावर मला चार खिळ्यांनी ठोकलं. असा मी तयार झालो.

पहिली सहा वर्षं मजेत गेली. गाड्या भुंग्यांसारख्या घोंघावत येत, चालक मला पाहून वेग कमी करत, आणि कडेला रचलेली, एखाद्या गाडीच्या धक्क्याने रस्त्यावर आलेली गवताची गासडी बाजूला झाली की मी खाली येत असे. ओदिलला मात्र शर्यतीचं अजिबात कौतुक नव्हतं. “जिथून निघायचं तिथेच परत यायचं, आणि त्यासाठी एवढी घाई!” असं ती दरवर्षी म्हणायची. तरीही दरवर्षी कॉफीचा डबा आणि भाताचा गोड केक घेऊन वळणावर यायचीच.

मग ते पावसाचं वर्ष आलं. सकाळपासून सरी कोसळत होत्या. आयोजकांना वाटलं, थांबेल. चालकांना वाटलं, थांबेल. पाऊस थांबला नाही आणि शर्यतही थांबली नाही. गाड्यांच्या चाकांमागे पाण्याचे पंखे उभे राहत होते. मागच्याला पुढचा दिसत नव्हता. सर्वांत पुढे होता ओरेस्ते गाल्बियाती नावाचा इटालियन, लाल गाडीत. तो जिंकणार हे ओढ्यातल्या बदकांनाही कळलं असावं.

अकराव्या फेरीत, सर्वांत मागे राहिलेल्या टिंडल नावाच्या तरुण इंग्रज चालकाची हिरवी गाडी आमच्या वळणावर घसरली. ती गोल फिरली, गासड्यांवर आदळली आणि रस्त्याच्या मधोमध कलंडली. टिंडलचा पाय आत अडकला होता. पेट्रोल गळू लागलं होतं. फिर्मांचा जोडीदार मदत मागवायला फोनच्या खोपटाकडे धावला. फिर्मांच्या हातात मी होतो. त्याने टिंडलकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. तेवढ्यात कॉफीचा डबा घेऊन ओदिल आली.

त्याने मला तिच्या हातात कोंबलं. “वर पळ! वळणाच्या अलीकडे उभी राहा आणि हा हलव!”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“मला ओरडतेस ना, तसंच ओरड, फक्त हातांनी!”

ओदिल धावली. बावन्न वर्षांची ती बाई, पायात लाकडी तळाचे बूट, डोक्यावरचा रुमाल वाऱ्याने कधीच उडालेला. वळणाच्या अलीकडे दगडी कुंपण होतं, त्यावर ती चढली आणि तिने मला हलवलं.

मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण मी उघडलोच नाही. चिंब भिजून मी दांड्याला गुंडाळला गेलो होतो. तिने पुन्हा झटकलं. नुसता ‘फट्’ असा आवाज आला. आणि वरच्या चढावरून लाल गाडीची गुरगुर ऐकू येऊ लागली.

“अरे मेल्या, उघड ना!” ओदिल किंचाळली. मग तिने दांडा गुडघ्यात धरला आणि दोन्ही हातांनी मला ओढून काढलं. माझा एक कोपरा फाटून खिळ्यालाच राहिला. दुखलं, पण त्या क्षणी मला बरंच वाटलं. तिने माझी दोन टोकं धरली आणि अंथरुणाची चादर झटकावी तसं मला पावसात झटकायला सुरुवात केली. मी पुरता पसरलो. एवढा पिवळा मी आयुष्यात कधी दिसलो नव्हतो.

ओरेस्तेने मला पाहिलं. गाडी डोलली, घसरली, सावरली. वळणापर्यंत ती इतकी हळू झाली की इंजिनात पाणी शिरून बंदच पडली. कलंडलेल्या हिरव्या गाडीपासून ती चार पावलांवर थांबली.

ओरेस्ते शिव्या देत उतरला. समोर फिर्मां एकटा गाडी उचलायला धडपडत होता. ओरेस्तेच्या शिव्या तोंडातच राहिल्या. त्याने हातमोजे फेकले आणि गाडीला खांदा लावला. दोघांनी गाडी वर उचलली, टिंडल कोपरांवर सरपटत बाहेर आला. तोवर मागून एकामागून एक सात गाड्या आल्या. ओदिल मला झटकतच होती. सातही जण हळू होऊन कडेने निघून गेले. शेवटी फिर्मांने लाल गाडीला उतारावर धक्का दिला, आणि ओरेस्ते आठवा आला.

संध्याकाळी तो ओदिलच्या दारात उभा राहिला. त्याची फ्रेंच मोडकीतोडकी होती.

“बाई, मी पहिला होतो.”

“असाल. बूट बाहेर काढा, मग आत या.”

“मला वाटलं, कुणाचं तरी धुणं उडून आलंय.”

“धुणं नाही, पडदा आहे तो माझा! आणि तो पोरगा वाचला ना?”

“घोट्याचं हाड मोडलंय. पण आत्ताच इस्पितळात बटाटे तळून मागत होता.”

मग ओरेस्ते हसला, आणि मग त्याला हसू आवरेना. त्याने केकचे तीन तुकडे खाल्ले. जाताना तो मला हात लावून म्हणाला, “याला चुलीजवळ वाळत घाला.” माझी एवढीच काय ती स्तुती झाली. पण ती जिंकता जिंकता राहिलेल्या माणसाने केली होती.

पुढे सरकारी शिक्क्याचे गुळगुळीत नायलॉनचे झेंडे आले. ते पावसात चिकटत नाहीत म्हणे. मला चेरीच्या झाडावर बांधलं गेलं, पाखरं हाकलायला. तीन उन्हाळे पाखरांनी माझ्यावर बसून चेरी खाल्ल्या. माझा रंग उडाला, शिवण मात्र टिकली. त्या दिवसांत मी फार एकटा होतो.

मग हमरस्त्यापलीकडे नवी शाळा सुरू झाली आणि एका धुकट सकाळी ओदिलने मला झाडावरून सोडवलं, धुतलं आणि नव्या दांड्याला बांधलं. आता ती रोज सकाळी मला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. परवा एक दुधाचा ट्रक करकचून थांबला.

ट्रकवाला काचेतून ओरडला, “काय आजी, इथे शर्यत आहे का?”

“नाही ना! म्हणून तर हळू चालव!”

मुलं खदखदून हसली आणि रांगेने रस्ता ओलांडून गेली.

तर मित्रांनो, कधी कुणी तुम्हाला ‘थांबा, हळू’ असं म्हणून हात हलवला, तर वैतागू नका. वळणापलीकडे काय आहे ते त्याला दिसत असतं. आणि तुमच्या शाळेच्या कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा झेंडा ओला पडला असेल, तर त्याला नीट पसरून वाळत घाला. घडी घातलेला झेंडा काहीच सांगू शकत नाही. चला, घंटा झाली. शेवटचा मुलगा अजून अलीकडेच आहे, बुटाची नाडी बांधतोय. त्याचं होईपर्यंत मी वरच राहतो.