बाहेरचे बटाटे आणा, इथे बसून खा

मित्रांनो, ब्रुसेल्सच्या दक्षिण स्टेशनामागच्या चौकात ओडिलाँचा कॅफे आहे. त्याच्या खिडकीत टांगलेली हिरवी पत्र्याची पाटी, ती मी. माझा एक कान गंजला आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत, पण अक्षरं अजून वाचता येतात. 'बाहेरचे बटाटे आणा, इथे बसून खा.' वर फ्रेंचमध्ये, खाली डचमध्ये. खालच्या ओळीचे लोक वरच्या ओळीवर रुसतात, पण आमच्या गावात दोन्ही भाषा चालतात, त्याला इलाज नाही.

पाटी होण्याआधी मी बिअरचे ग्लास न्यायचं तबक होते. वाकले म्हणून भंगारात निघाले होते. ओडिलाँ तेव्हा तरुण होता. कॅफे नुकताच घेतलेला, आणि स्वयंपाकाच्या नावाने शंख. समोर चौकात गोडेलीवची तळलेल्या बटाट्यांची टपरी होती. तिच्याकडे बसायला जागा नाही, याच्याकडे खायला काही नाही. मग त्याने मला ठोकून सरळ केलं, दाराचा उरलेला रंग फासला, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर रेखलं आणि टपरीकडे तोंड करून मला टांगलं.

मित्रांनो, दोन आगगाड्यांच्या वेळांमधे अडकलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत का? हातात बॅग, पोटात कावळे, आणि शहर बघायला जेमतेम दुपार. मोठ्या चौकातल्या हॉटेलांचे भाव वाचूनच त्यांची भूक मरते. मग नाकाने वास काढत ती आमच्याकडे येत. गोडेलीव बटाटे एकदा बैलाच्या चरबीत तळून निवत ठेवी आणि गिऱ्हाईक आलं की दुसऱ्यांदा तळे. कुणी घड्याळ दाखवलं की म्हणे, "घाई असेल तर कच्चेच ने ना! चघळत बस गाडीत." गरम पुडा घेऊन ती माणसं कॅफेच्या दाराशी घुटमळत, मला वाचत, आणि त्यांचे चेहरे खुलत. एक ग्लास मागवून ती खुशाल बसत. ओडिलाँने कधी कुणाला उठवलं नाही. 'या, बसा' म्हणण्याचं सुख फार मोठं असतं. ते मी रोज भोगलं.

दुपारी गर्दी ओसरली की ओडिलाँ टपरीवर कॉफी नेई. येताना त्याच्या हातात पुडा असे.

"तुझी बिअर म्हणजे नुसतं पाणी," ती म्हणे. "माझ्या मिठामुळे खपते."

"आणि तुझे बटाटे माझ्या खुर्चीमुळे! उभ्याने खाल्ले असते का कुणी?"

"पावसात उभे राहून खातील. तू मात्र माशा मारशील."

एवढंच त्यांचं प्रेम. लग्न त्याने केलं नाही, तिनेही केलं नाही. अख्ख्या चौकाला ठाऊक होतं, फक्त त्या दोघांत कुणी बोललं नाही. ओडिलाँ माझ्या खिडकीची काच रोज पुसायचा. काच कधीच स्वच्छ झालेली असायची, पण त्याचा हात फिरतच असायचा आणि नजर टपरीवर.

मग एका हिवाळ्यात गोडेलीवचा गुडघा बिघडला. शस्त्रक्रिया झाली, टपरी बंद राहिली. वारा चौकात सुसाट येतो. ओडिलाँने मनाशी ठरवलं की आता हिला बाहेर उभं करायचं नाही. त्याने कॅफेच्या मागच्या खोलीत भिंत फोडून मोठी कढई बसवली, धुराडं काढलं, तिच्यासाठी उंच खुर्ची आणली. इथेच तळ, इथेच राहा, असं त्याला म्हणायचं होतं. आता बटाटे बाहेरून येणार नव्हते, म्हणून त्याने मला खिळ्यावरून काढलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

मी ओरडले असते, मित्रांनो. पत्र्याला ओरडता येत नाही.

गोडेलीव काठी टेकत आली तेव्हा ओडिलाँ कढईवर हात बसवत होता. करपल्याचा वास सुटला होता. तिची काठी आधी खिडकीसमोर थांबली, मग आत आली.

"पाटी कुठंय?"

"काढली."

पुढचं वाक्य त्याने हिवाळाभर घोकलं होतं. पण कॅफे भरलेला होता, सगळे कान टवकारून बसले होते. तो खाली बघून कढई ढवळत राहिला.

"कळलं," ती म्हणाली. "तुझं घर, तुझी कढई, तुझे बटाटे. माझ्या गिऱ्हाइकांना आता दार बंद. मी मरायची तरी वाट बघायचीस!"

ती बहिणीकडे ऑस्टेंडला, समुद्राकाठी निघून गेली. टपरी उचलली गेली. ओडिलाँने कढई विकून टाकली आणि मला परत टांगलं. आता प्रवासी मला वाचून विचारतात, "कुठून आणायचे बटाटे?" तो रिकाम्या चौकाकडे बघतो आणि म्हणतो, "मिळायचे."

लिएजचा टिबो अकॉर्डियन वाजवत गावोगाव फिरतो. आमच्याकडे गाडी बदलतो. एकदा आल्या आल्या त्याने बातमी दिली, "मालक, गोडेलीवबाई भेटल्या की! बंदराजवळ तळतात. पाटी लावलीय का, म्हणून विचारत होत्या."

ओडिलाँने भर दुपारी कॅफेला कुलूप घातलं. असं त्याने कधीच केलं नव्हतं. माझ्यासमोरून तो स्टेशनाकडे अक्षरशः पळत गेला.

परतीच्या वाटेवर टिबो पुन्हा आला. "मग? बोललात का?"

"रांगेत उभा राहिलो," ओडिलाँ ग्लास पुसत म्हणाला. "माझा नंबर आला. तिने विचारलं, 'लहान की मोठा?'"

"आणि?"

"मोठा, म्हटलं."

"अहो, पण पुढे?"

"मागे माणसं होती रे. समोर समुद्र, वारा... तिने मीठ जास्त टाकलं. मला लागतं तेवढं."

टिबोने कपाळावर हात मारून घेतला. आता दर सोमवारी, कॅफे बंद असतो तेव्हा, ओडिलाँ ऑस्टेंडला जातो. दोन गाड्यांच्या मधे तिच्या रांगेत उभा राहतो आणि पुडा घेऊन येतो. मी खिडकीतून त्याची वाट बघते. तो एकटाच येताना दिसतो.

म्हणून सांगते, मित्रांनो, आम्हा पाट्यांची निगा राखा, आम्हाला पुसा, रंग लावा. पण आपलं माणूस हवं असेल तर त्याला तोंडाने 'ये' म्हणा, चारचौघांत म्हणावं लागलं तरी म्हणा. ते काम पाटीवर सोपवू नका. मी पत्र्याची आहे. माझ्यावर लिहिलं आहे, तेवढंच मला सांगता येतं.