दोन हजार वीस कोणाच्या नावानं?

आमच्या मंडळाला एकच अध्यक्ष असं कधी झालंच नाही. डब्लिनमध्ये मंडळ निघालं तेव्हाच पुणेकर आणि मुंबईकर असे दोन तट पडले, आणि एकाच्या हाती सगळं द्यायला दुसरा तयार होईना. शेवटी ठरलं, दरवर्षी दोन अध्यक्ष निवडायचे, एक जानेवारी ते एकतीस डिसेंबर, अगदी बरोबरीचे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आमच्या राहिल्या, खणखणत का होईना.

त्यामुळे झालं असं, की वर्षं आकड्यांत सांगायची आमची सवयच मोडली. राजीव-मृणालिनीच्या वर्षी आम्ही क्लोनडॉकिनला घर घेतलं. हृषीकेश-वैदेहीच्या वर्षी माझ्या धाकट्याची मुंज झाली. नव्यानं आलेला माणूस बावचळतो, पण वर्ष-दोन वर्षांत तोही असंच बोलायला लागतो.

यंदा घोडं अडलं ते एका फळ्यावरून. कार्यक्रमांना आम्ही हर्लिंगच्या, म्हणजे इथल्या हॉकीसारख्या खेळाच्या, एका क्लबचा हॉल घेतो. तिथं भिंतीवर त्यांच्या कप्तानांच्या नावांचा जुना लाकडी फळा आहे, सालवार. क्लबवाल्यांनी मोठ्या मनानं शेजारची जागा देऊ केली, म्हणाले, तुमचाही लावा. नावं जमवायचं काम माझ्याकडे आलं. येणारच होतं. मी माधवी, पुणेकरांच्या तटातली. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात पंधरा वर्षं नोंदी तपासते आहे, आणि तारीख चुकलेला कागद माझ्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

दोन हजार वीसच्या पुढे मी लिहिलं: सतीश – माधवी.

खरं तर निवडून आले होते सतीश आणि संध्या. पण संध्या नऊ फेब्रुवारीला गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, घरीच, रविवारी सकाळी. अध्यक्षपदाचा चाळिसावा दिवस होता तो. तेवढ्यात तिनं एक संक्रांत केली होती, बस. समितीनं तिच्या जागी मला घेतलं आणि पुढच्याच महिन्यात सगळं जग बंद झालं. अडकून पडलेल्या विद्यार्थ्यांना शिधा मी पोचवला. कोणाची औषधं, कोणाचा व्हिसा, आणि दोन अंत्यविधी तर फोनच्या पडद्यावर. पावणेअकरा महिने राबले. विनय वगैरे मला फारसा जमत नाही. ते वर्ष माझं होतं आणि फळ्यावर मला ते हवं होतं. आमच्या कारखान्यात नियमच आहे, ज्यानं काम केलं त्याचीच सही.

यादी ग्रुपवर टाकली, आणि त्याच शनिवारी इशिता दारात उभी. संध्याची मुलगी. आई गेली तेव्हा बारा वर्षांची होती, आता सतराची. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीत, पक्क्या डब्लिनी हेलात. तिचं बोलणं मी माझ्या भाषेत सांगते.

"माधवी मावशी, तुझी यादी चुकली आहे."

असं वाक्य मला सहसा कोणी ऐकवत नाही. मी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा टाकला.

पोरीनं शाळेत लॅटिन घेतलंय. दप्तरातून वही काढून ती सांगायला लागली. "रोमन लोक तुमच्यासारखेच होते. पुन्हा राजा नको म्हणून दरवर्षी दोन कॉन्सल निवडायचे, आणि वर्षाला नाव त्या दोघांचं. करारावर, पत्रात, वाइनच्या मडक्यावरसुद्धा. रोजच्या व्यवहारात आकडा नसायचाच."

"बरं, मग?"

"त्यातला एक मधेच मेला तर बदली माणूस यायचा. त्याला सगळे अधिकार असायचे. फक्त वर्ष मिळायचं नाही. ते सुरुवातीला जे दोघं होते त्यांच्याच नावानं चालायचं."

"बदलीवाल्यानं रोम वाचवलं तरी?"

"तरी."

"म्हणजे राबायचं एकानं आणि नाव दुसऱ्याचं! हा कुठला न्याय?"

"बक्षीस नव्हतंच ते, मावशी. तारीख होती. मधेच बदलली तर जानेवारीत लिहिलेली पत्रं कुठल्या वर्षातली म्हणायची?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, "आपण रोममध्ये राहत नाही. तुझी आई माझी मैत्रीण होती, पण चाळीस दिवसांवर कोणाला वर्ष मिळत नाही." तिच्या तोंडावर म्हटलं मी हे. आता लाज वाटते, पण म्हटलं.

ती रडली नाही. वही मिटून म्हणाली, "इथे सेमेटरी संडे असतो ना, उन्हाळ्यात. वर्गातल्या सगळ्या मुली घरच्यांबरोबर दफनभूमीत जातात. शिवॉनच्या आजीचा दगड आहे तिथे, त्यावर नाव आहे. आपण आईला नाशिकला नेलं, गोदावरीत सोडलं. बाबा म्हणतात, आपल्यात असंच असतं. ग्रँड, ठीक आहे. पण या देशात आईचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, मावशी. मी शोधलं. विजेच्या बिलावरसुद्धा आता बाबांचं आहे."

दुसऱ्यांच्या नोंदीत गाळलेली जागा शोधायचा मी पगार घेते, आणि ही जागा पाच वर्षं माझ्या डोळ्यांसमोर रिकामी होती. मी फळ्यावर मिरवायला निघाले होते, आणि तिला आई कुठेतरी असायला हवी होती. मी तिच्यासमोरच यादी उघडली आणि माझं नाव खोडलं.

पुढच्या रविवारी सभेत मी यादी वाचली. 'सतीश – संध्या' ऐकताच सतीश उठला.

"माधवीताई, हे चालणार नाही. टू बी फेअर, ते वर्ष तुम्ही ओढलंत. मी निम्मा वेळ मुंबईत अडकलो होतो. नाव काढायचंच तर माझं काढा."

"तुम्ही एक जानेवारीला होतात आणि ती होती. मी नव्हते," मी म्हटलं. "मला वर्ष हवं असेल तर रीतसर निवडून येईन. अर्ज भरतेच आहे. मुंबईकरांनी आत्तापासून धास्ती घ्यावी."

लोक हसले. हात वर झाले आणि यादी मंजूर झाली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

संध्याचा नवरा हर्षवर्धन मागच्या रांगेत बसला होता. तो इशिताला घेऊन प्रत्येक कार्यक्रमाला येतो, पण गेल्या पाच वर्षांत मंडळात कोणाशी चार शब्द बोललेला मला आठवत नाही. आम्ही खुर्च्या आवरत होतो तेव्हा तो जवळ आला.

"फळा इथेच राहणार ना?"

"कायमचा."

"आणि हॉल... एरवी उघडा असतो?"

"नसतो. कार्यक्रम असेल तेव्हाच."

त्यानं मान हलवली आणि तो दाराकडे वळला. मंडळाकडे हॉलची एक किल्ली असते, ती माझ्या जुडग्यात होती. जुडग्याची कडी घट्ट, किल्ली नखानं निघता निघेना. मी तशीच पार्किंगपर्यंत धावत गेले, तिथं ती एकदाची सुटली, आणि मी ती त्याच्या हातात ठेवली.